पाच नंबरची विहीर

वॉकर्टनच्या पाणीपुरवठा खात्यात रोज एक तक्ता भरला जायचा. कोणत्या विहिरीतून किती पाणी उपसलं, त्यात क्लोरीन किती टाकला आणि प्रक्रियेनंतर पाण्यात शिल्लक क्लोरीन किती राहिला. या शेवटच्या रकान्यात वर्षानुवर्षं दोनच आकडे आलटून पालटून येतात: ०.५ आणि ०.७५. खरोखर मोजलं तर असं होत नाही. पाऊस पडला, पाणी गढुळलं, पंप बंद-चालू झाला की आकडा हलतो. इथला आकडा हलत नव्हता, कारण बहुतेक दिवशी कोणी मोजतच नव्हतं. तक्ता बसल्या जागी भरला जात होता.

कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातलं हे गाव. सॉगीन नदीच्या काठी, जेमतेम पाच हजार वस्तीचं, चहूकडे शेती आणि गुरं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जोसेफ वॉकर नावाच्या गृहस्थाने नदीवर गिरणी घातली, त्याचंच नाव गावाला मिळालं. ब्रूस परगण्याचं मुख्य ठिकाण म्हणून कोर्टकचेऱ्या इथे. एरवी देशाच्या नकाशावर शोधावं असं काही नव्हतं. मे २००० नंतर मात्र सगळ्या कॅनडाला हे नाव पाठ झालं. पोटाच्या डॉक्टरांना ते आणखी एका कारणासाठी पाठ आहे. ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ म्हणजे आयबीएस या आजाराला शरीरात काही थारा आहे की सगळा मनाचाच खेळ, या दीडशे-दोनशे वर्षांच्या वादात वॉकर्टनचा दाखला आज हटकून दिला जातो.

पाच नंबरची विहीर म्हणजे आपल्याकडे जिला बोअर म्हणतात ती. १९७८ मध्ये खोदलेली, फक्त १५ मीटर खोल, आणि पाणी लागायचं तेही वरच्या पाच ते आठ मीटरच्या पट्ट्यात, भेगाळलेल्या चुनखडीतून. शेजारी शेत. पावसाचं पाणी जमिनीतून गाळून निघायला जेवढा थर लागतो तेवढा इथे नव्हताच. बोअर घेतली त्याच वर्षी भूजलतज्ज्ञाने अहवालात बजावलं होतं की वरचं पाणी इथे उतरू शकतं, तेव्हा आजूबाजूची जमीन गावाने ताब्यात घ्यावी. उपसा करून पाहिला तेव्हाच पाण्यात जंतू सापडले होते. जमीन कोणी घेतली नाही. राहता राहिला क्लोरीनचा पहारा. पण पाण्याला वास येतो अशी गावकऱ्यांची तक्रार असायची, म्हणून क्लोरीनही हात राखून टाकला जाई. खात्याची माणसं स्वतः ते पाणी क्लोरीन टाकायच्या आधीचं, कच्चंच पीत. आपल्या गावचं पाणी चांगलं, ही त्यांची पक्की समजूत होती. इथे खलनायक शोधायला निघालेल्याची पंचाईत होते. तक्त्यात लबाडी होती हे खरं, पण या पाण्याने कोणी मरेल असं त्या माणसांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

८ ते १२ मे या पाच दिवसांत १३४ मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. कोकणातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. तिथल्या मे महिन्याला तो भलताच जड होता. विहिरीजवळच्या शेतात एप्रिलच्या अखेरीस शेणखत पसरलेलं होतं. शेतकऱ्याने ते सगळे नियम पाळून पसरलं होतं आणि पुढे चौकशीत त्याच्यावर ठपका आला नाही. खतातले जंतू पावसाबरोबर चुनखडीच्या भेगांत उतरले आणि १२ मेच्या सुमारास नळाला आले. जंतू दोन होते: ई-कोलाय ओ१५७:एच७ आणि कॅम्पिलोबॅक्टर. पाण्यातला शिल्लक क्लोरीन घसरला तर आपोआप पंप थांबवणारे मोजक बसवलेलेच नव्हते.

१८ मेला ओवेन साउंडच्या रुग्णालयात क्रिस्टन हॅलेट या बालरोगतज्ज्ञांसमोर वॉकर्टनची दोन मुलं आली. दोघं एकाच शाळेतली, दोघांच्याही पोटात कळा, त्यात एकाला रक्ताचे जुलाब. त्यांना शंका आली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आरोग्य खात्याला कळवलं. आरोग्य खात्याने पाणीपुरवठ्याला विचारलं, उत्तर आलं की पाणी ठीक आहे. प्रत्यक्षात नमुने दूषित निघाल्याचा प्रयोगशाळेचा फॅक्स १७ तारखेलाच येऊन पडला होता. तो आरोग्य खात्याला पाठवण्याचं बंधन प्रयोगशाळेवर नव्हतं. सरकारने काही वर्षांपूर्वी तपासणीचं काम खासगीकडे दिलं तेव्हा एवढी एक ओळ नियमात घालायची राहून गेली होती. शेवटी २१ मेला, सुट्टीच्या रविवारी, पाणी उकळून प्या अशी सूचना स्थानिक रेडिओवरून निघाली. सगळ्यांनी ती ऐकली असंही नाही. सात माणसं दगावली, २,३०० हून अधिक आजारी पडली, २७ जणांना मूत्रपिंडावर घाला घालणारी गुंतागुंत झाली. पाणी उकळण्याची सूचना उठायला ५ डिसेंबर उजाडला. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशीचे अहवाल २००२ मध्ये आले. खात्याचा व्यवस्थापक आणि त्याचा भाऊ यांना २००४ मध्ये शिक्षा झाल्या.

साथीची गोष्ट बहुधा इथे संपते. महाराष्ट्रातही पावसाळ्यात कुठे ना कुठे गॅस्ट्रोची साथ येते, टाकी धुतात, पाइपलाइनची गळती काढतात, रुग्णांचा आकडा उतरला की बातमीही उतरते. जुलाब थांबले म्हणजे आजार संपला, असा सगळ्यांचाच हिशेब असतो. वॉकर्टनमध्ये लोकांची धास्ती वेगळी होती. मूत्रपिंडाचं पुढे काय होईल, मुलांच्या वाढीवर परिणाम होईल का, या प्रश्नांपायी ओंटारियो सरकारच्या पैशाने २००२ मध्ये गावाची दीर्घकालीन आरोग्य पाहणी सुरू झाली. त्यात पोटाच्या तक्रारींचा भाग हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या जॉन मार्शल, स्टीफन कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी हाती घेतला.

त्यांच्या हाती काय लागलं हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

आयबीएसचा रोगी डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचा असतो. पोटात कळ येते, शौचाला जाऊन आलं की कमी होते किंवा वाढते. कधी चार-चार वेळा पळावं लागतं, कधी तीन दिवस पोट साफ होत नाही. पोट फुगतं. घरातून निघायच्या आधी, परीक्षेच्या दिवशी, प्रवासात हमखास त्रास. दुर्बीण घालून पाहिलं, सोनोग्राफी केली, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. मग त्याला सांगितलं जातं की काही नाही, टेन्शन घेऊ नका. लंडनमध्ये विल्यम पॉवेल यांनी १८१८ मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं तेव्हापासून हा माणूस वैद्यकाच्या पुस्तकांत आहे. १८४९ मध्ये कमिंग यांनी लिहिलं की एकाच माणसाला कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ, हे कसं होतं ते मला सांगता येत नाही. असं छापून कबूल करणारा डॉक्टर विरळा. पुढच्या मंडळींनी मात्र उत्तर देऊन टाकलं: रोगी चिंताखोर आहे.

या उत्तराला आधार नव्हता असं नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये थॉमस आल्मी यांनी केलेला एक प्रयोग आजच्या कोणत्याही नीतिसमितीने हाणून पाडला असता. वैद्यकीचा एक विद्यार्थी स्वेच्छेने तपासणीला तयार झाला. गुदद्वारातून नळी घालून मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग पाहत असताना डॉक्टरांनी आपसात बोलल्यासारखं केलं की इथे कॅन्सर दिसतोय, तुकडा काढावा लागेल. सगळं नाटक. विद्यार्थ्याच्या पोटात गोळा आला आणि तो नळीतून दिसला: आतड्याची भिंत आवळून आली, रंग बदलला. खरं काय ते सांगितल्यावर ती पुन्हा सैल पडली. आल्मी यांचा निष्कर्ष बरोबरच होता, भीतीने आतडं आवळतं. चूक झाली ती वाचणाऱ्यांची. भीतीने आतडं आवळतं, म्हणून ज्याचं आतडं आवळतं तो भित्रा, असा उलटा हिशेब कित्येक दवाखान्यांत मांडला गेला.

याला छेद देणाऱ्या नोंदी होत होत्या, पण सुट्या सुट्या. १९६२ मध्ये ऑक्सफर्डच्या चौधरी आणि ट्रुलव्ह यांनी १३० रुग्णांचा अभ्यास छापला. त्यातल्या सुमारे चौथाई लोकांनी सांगितलं की हे सगळं एकदा आव झाली तेव्हापासून सुरू झालं. १९७३ मध्ये लंडनच्या रिची यांनी आतड्यात छोटा फुगा घालून तो ६० मिलिलिटरपर्यंत फुगवला. निरोगी माणसांपैकी ६ टक्क्यांना दुखलं, आयबीएसच्या रुग्णांपैकी ५५ टक्क्यांना. फुगा तोच, फुगवण तीच, दुखणं वेगळं. आणि बरंच आधी, सुश्रुतसंहितेत, अतिसार थांबल्यावरही ज्याचा अग्नी मंद राहिला आहे त्याने अपथ्य केलं तर पुढे ग्रहणी बिघडते, असं सांगितलेलं आहे. ग्रहणी म्हणजेच आयबीएस असा दावा करणारे उत्साही लोक बरेच आहेत, त्यांच्या नादी लागायचं कारण नाही. पण जुलाब थांबल्यानंतरही काहीतरी मागे राहतं, हे निरीक्षण मात्र तिथे स्पष्ट आहे.

ऑक्सफर्डच्या रुग्णांची अडचण उघड होती. ते दवाखान्यात आले ते त्रास मुरल्यावर, आणि आव झाल्याचं सांगितलं ते आठवणीतून. ज्याला त्रास आहे तो कारण शोधत मागे जातोच. खरं तपासायचं तर आजार होण्याच्या दिवसापासून पुढे चालत यायला हवं होतं. तारीख माहीत, जंतू माहीत, आणि त्याच गावात तेच हवापाणी असलेले पण आजारी न पडलेले शेजारीही मोजायला मिळालेले. एरवी असा प्रयोग माणसांवर करता येत नाही. वॉकर्टनमध्ये तो घडून गेला होता.

आधी आयबीएस किंवा आतड्याचा दुसरा आजार असलेल्यांना वगळून २,०६९ जणांचा हिशेब मांडला गेला आणि तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. साथीत आजारी न पडलेल्यांपैकी १०.१ टक्के लोकांत आयबीएसची लक्षणं दिसली. आजारी पडल्याचं स्वतः सांगणाऱ्यांत हा आकडा २७.५ टक्के होता, आणि ज्यांच्या आजाराला वैद्यकीय पुरावा होता त्यांच्यात ३६.२ टक्के. जुलाब जितके लांबले, रक्त पडलं, वजन उतरलं, तितका धोका जास्त. बायकांना जास्त, तरुणांना जास्त.

इथे एक रास्त शंका येते. गावाला नुकसानभरपाई मिळत होती. प्रत्येक रहिवाशाला किमान २,००० डॉलर ठरले होते आणि त्रास जास्त त्याला जास्त. मग पोट दुखतं म्हणायला लोकांचं काय जातं? म्हणून विचारपूस पुरेशी नव्हती. मार्शल यांच्या गटाने गावकऱ्यांना दोन साखरा घातलेलं पाणी प्यायला दिलं, लॅक्ट्युलोज आणि मॅनिटॉल, आणि नंतर लघवी गोळा केली. मॅनिटॉलचा रेणू लहान, तो आतड्याच्या अस्तरातून सहज रक्तात जातो. लॅक्ट्युलोजचा मोठा, त्याला पेशींच्या सांध्यांतून वाट काढावी लागते, आणि सांधे घट्ट असतील तर ती फारशी मिळत नाही. लघवीत लॅक्ट्युलोजचं प्रमाण वाढलेलं निघालं, म्हणजे सांधे सैल. आयबीएस झालेल्यांपैकी साधारण तिघांत एकाचे सांधे असे सैल निघाले. त्रास नसलेल्यांत पाचांत एकापेक्षाही कमी. फरक प्रचंड नव्हता, पण भरपाईच्या आशेने कोणाला लघवीतली साखर वाढवता येत नाही.

पुढे जनुकंही तपासली गेली. २०१० मध्ये आलेल्या निष्कर्षांत तीन जागी धागा सापडला: जंतूंची चाहूल घेणाऱ्या टीएलआर९ मध्ये, दाह भडकवणाऱ्या इंटरल्युकिन-६ मध्ये, आणि अस्तराच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणाऱ्या कॅडहेरिनमध्ये. पहारेकरी, भडका आणि भिंत. संशयित म्हणून ज्यांच्याकडे आधीच बोट दाखवलं गेलं होतं तेच हे तिघे. एका गावावरून जनुकांचा निवाडा होत नाही, हेही तितकंच खरं.

भिंतीपलीकडे काय चालतं ते इतर ठिकाणच्या प्रयोगशाळांतून कळत होतं. नॉटिंगहॅममध्ये रॉबिन स्पिलर यांच्या गटाने कॅम्पिलोबॅक्टर होऊन गेलेल्या लोकांच्या आतड्याचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. डोळ्यांना दिसणारी सूज ओसरली होती, पण अस्तरात लढाऊ लिम्फोसाइट पेशी अजून जास्त होत्या आणि सेरोटोनिन साठवणाऱ्या पेशीही वाढलेल्या होत्या; काहींच्यात वर्ष उलटून गेल्यावरही. सेरोटोनिन म्हटलं की लोकांना मेंदू आणि नैराश्य आठवतं. पण शरीरातलं ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात असतं. इटलीच्या व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांनी १९३० च्या दशकात ते पोटाच्या अस्तरातूनच काढलं आणि त्याला ‘एंटेरामिन’ म्हटलं. १९४८ मध्ये अमेरिकेत रक्तात सापडलेलं सेरोटोनिन हे तेच, हे १९५२ मध्ये लक्षात आलं. घास पुढे सरकला की या पेशी सेरोटोनिन सोडतात, आतड्यातल्या मज्जातंतूंना खबर मिळते, आतडं पुढे ढकलतं. खबर देणारे वाढले की ढकलणंही वाढतं.

बोलोन्याच्या जोव्हान्नी बार्बरा यांनी २००४ मध्ये दाखवलं की आयबीएसच्या रुग्णांत मास्ट पेशी, म्हणजे ॲलर्जीत हिस्टामिन ओतणाऱ्या पेशी, आतड्यातल्या मज्जातंतूंना खेटून बसलेल्या असतात, आणि जितक्या जवळ तितकं पोटाचं दुखणं जास्त. रिची यांच्या फुग्याचं कोडं इथे बरंचसं सुटतं.

औषध मात्र या ज्ञानामागून सरळ चालत आलं नाही. सेरोटोनिनचा निरोप अडवणारं अलोसेट्रॉन अमेरिकेत फेब्रुवारी २००० मध्ये मंजूर झालं. आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याचे आणि भयंकर बद्धकोष्ठाचे प्रकार घडल्यावर नोव्हेंबरमध्ये ते बाजारातून काढून घेण्यात आलं. रुग्णांनीच आग्रह धरला तेव्हा २००२ मध्ये कडक अटींवर परत आलं. धोका पत्करूनही ज्यांना ती गोळी हवी होती, त्यांचा त्रास केवळ मनाचा होता असं म्हणणं अवघड आहे.

वॉकर्टनच्या लोकांकडे आठ वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा चित्र सौम्य झालं होतं. साथीनंतर दोन-तीन वर्षांनी आजारी पडलेल्यांत आयबीएसचं प्रमाण २८.३ टक्के होतं, ते १५.४ वर आलं. न पडलेल्यांत त्या वेळी ५.४ टक्के. म्हणजे निम्मे सुटले, तरी शेजाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट. आणि आठ वर्षं कोणाचा त्रास टिकला? बायका, कमी वयाचे, साथीत वजन घटलेले, आणि साथीच्या आधीपासून चिंता किंवा नैराश्य असलेले. मनाला बाहेर काढून टाकावं म्हणावं तर ते असं मागल्या दाराने परत येतं. २०२१ मध्ये ५३ हजारांहून अधिक रुग्णांच्या जनुकांचा मोठा अभ्यास आला, त्यातही आयबीएसची सहा जनुकीय ठिकाणं सापडली आणि त्यांतली बरीच चिंतेच्या आणि नैराश्याच्या ठिकाणांशी जुळली. चिंतेमुळे पोट बिघडतं किंवा पोटामुळे चिंता लागते असा एकेरी अर्थ अभ्यासकांनी काढला नाही. दोन्हींच्या मुळाशी मज्जातंतूंची काही घडण समान असावी, असं त्यांनी म्हटलं. आल्मींचा विद्यार्थी आणि वॉकर्टनचा गावकरी यांच्यात निवड करायची गरजच नव्हती.

रुग्ण आणखी एक गोष्ट सांगत आले आहेत: तेव्हापासून दूध सोसत नाही, पोळी सोसत नाही. तपासावं तर ॲलर्जी नसते. बेल्जियममध्ये ल्यूव्हेनच्या संशोधकांनी उंदरांना आतड्याचा संसर्ग केला आणि त्याच काळात अंड्यातलं एक प्रथिन खायला दिलं. संसर्ग बरा झाल्यावर तेच प्रथिन पुन्हा दिलं की उंदरांची पोटं दुखू लागली. ज्यांना नुसतं प्रथिन किंवा नुसता संसर्ग मिळाला होता, त्यांची नाही. भिंत पडलेली असताना आत आलेला पाहुणा आतड्याने शत्रू म्हणून लक्षात ठेवला होता. प्रतिकारद्रव्यं फक्त आतड्यातच होती, म्हणून त्वचेच्या किंवा रक्ताच्या चाचणीत काही दिसलं नसतं. मग १२ आयबीएसग्रस्तांच्या आतड्याच्या अस्तरात गहू, दूध, सोया यांचे अंश टोचून पाहिले. बाराच्या बारा जणांना कशाची ना कशाची सूज आली; आठ निरोगी माणसांत दोघांना. माणसं थोडी आहेत, पण धागा सरळ आहे.

२०१९ मध्ये रोम फाउंडेशनच्या एका कार्यगटाने, बार्बरा यांच्या नेतृत्वाखाली, संसर्गानंतरच्या आयबीएसचे वेगळे निकष छापले. विष्ठेत जंतू सापडलेला असावा, किंवा ताप, उलटी, जुलाब यांतलं निदान दोन झालेलं असावं, आणि त्याआधी आयबीएसचे निकष पुरे होत नसावेत. रुग्णाला विचारायचा प्रश्न त्यामुळे सोपा झाला आहे: हे कधीपासून, आणि त्याच्या आधी गॅस्ट्रो झाला होता का? पाच नंबरची विहीर साथीनंतर बंद झाली. ओंटारियोत पाण्याचे नियम नव्याने लिहिले गेले, आणि पाणीपुरवठ्यावरच्या माणसांना प्रशिक्षण देणारं केंद्र २००४ मध्ये उभं राहिलं ते वॉकर्टनमध्येच.